एका पिकअपचा पुढचा स्ट्रट दुसऱ्या पिकअपला: मापं, क्रम आणि नेहमीच्या चुका

वरचे तीन स्टड (प्लेटवरचे आटे असलेले खुंट) भोकांत गेले, खालचा बोल्ट आरपार झाला, म्हणजे स्ट्रट बसला असं समजून गाडी जॅकवरून उतरवली जाते. मग काही आठवड्यांनी खड्ड्यात ‘खाड’ आवाज येऊ लागतो, ॲक्सलचं (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचं) रबरी बूट फाटतं किंवा नवाकोरा शॉक तेल गाळतो. बोल्ट बसणं ही या कामातली सगळ्यात सोपी अट आहे. खरा प्रश्न पुढचा असतो: चाक पूर्ण वर गेल्यावर आणि पूर्ण खाली लटकल्यावर हा स्ट्रट किती लांब असतो, आणि त्याची स्प्रिंग तुमच्या गाडीच्या वजनाला जुळते का? खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. मोजमापाचे टप्पे सुटा स्ट्रट हातात आल्याबरोबर, तो विक्रेत्याला परत करता येण्याच्या मुदतीत उरकावेत.

या लेखात स्ट्रट म्हणजे शॉक (धक्के जिरवणारी तेलाची नळी), त्यावर चढवलेली कॉइल स्प्रिंग आणि वरची माउंट प्लेट असा पूर्ण जोड. पिकअपमध्ये तो बहुधा लोअर आर्म आणि चासी यांच्या मध्ये उभा असतो; अप्पर आणि लोअर आर्म म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या वरच्या-खालच्या भुजा. मोटारींतल्या मॅकफर्सन स्ट्रटसारखा तो चाकाचा कोन धरून ठेवत नाही. ते काम आर्म करतात. तरीही उंची बदलली की आर्मचे कोन बदलतात आणि चाकाचा कोनही बदलतो.

टप्पा १. तुमच्या गाडीला स्ट्रट आहे का, हे आधी बघा

प्रश्न बाळबोध वाटेल, पण मॉडेलच्या नावावरून ऑर्डर देणारे इथेच फसतात. पिकअपचं पुढचं सस्पेन्शन साधारण तीन प्रकारचं असतं. पहिल्यात कॉइल शॉकवरच चढवलेली असते. हा लेख त्याबद्दल आहे. दुसऱ्यात लोअर किंवा अप्पर आर्मपासून चासीच्या बाजूनं मागे जाणारी लांब टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) असते आणि शॉक बारीक, एकटा असतो. तिसऱ्यात पुढे सलग ॲक्सल असते आणि कॉइल व शॉक वेगवेगळे असतात. फोर्डच्या सुपर ड्यूटी किंवा रॅम २५०० च्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाड्या अशा आहेत. शेवटच्या दोन प्रकारांना स्ट्रटची अदलाबदल लागूच होत नाही.

नावावर विसंबू नका, याचं उत्तम उदाहरण माझदा बीटी-५० आहे. २००६ ते २०११ ची पिढी टॉर्शन बारवर होती. २०११ ची पिढी फोर्ड रेंजरच्या टी६ बांधणीवर आली. २०२० ची पिढी इसुझु डी-मॅक्सच्या बांधणीवर आहे. नाव एकच, पण पुढचा भाग तीन वेगळ्या घराण्यांचा. डी-मॅक्सच्या पहिल्या पिढीलाही टॉर्शन बारच होती. शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० च्या फोर बाय फोरमध्ये जुन्या बांधणीत टॉर्शन बार होती आणि २००७ च्या नव्या बांधणीपासून स्ट्रट आला.

ही यादी तोंडपाठ करण्याची गरज नाही. गाडीखाली वाकून बघितलं की एका मिनिटात कळतं.

टप्पा २. नातेवाईक मॉडेल शोधा

यश बहुतेक वेळा एकाच चासी-बांधणीवरच्या गाड्यांत मिळतं. रेंजर टी६, २०११–२०२० ची बीटी-५० आणि २०१५ पासूनची एव्हरेस्ट हे एक कुटुंब. २०११-१२ ला आलेल्या पिढीची डी-मॅक्स आणि त्याच काळातली, आशियात शेव्हरोले आणि ऑस्ट्रेलियात होल्डन नावानं विकली गेलेली कोलोरॅडो हे दुसरं. २००५ ते २०२३ ची टोयोटा टकोमा, त्या काळातली फोररनर आणि एफजे क्रूझर हे तिसरं. २००५ नंतरची निसान फ्रंटियर आणि एक्सटेरा हे चौथं.

कुटुंब एक आहे म्हणजे भाग सरळ बसतो असं नाही. एकाच मॉडेलच्या टू व्हील आणि फोर व्हील ड्राइव्हमध्ये स्ट्रटची लांबी वेगळी असू शकते. टू व्हीलच्या स्ट्रटच्या खालच्या भागाला ॲक्सलसाठी जागा सोडायची गरज नसते, म्हणून तो फोर बाय फोरमध्ये लावला की फिरत्या शाफ्टला घासण्याची शक्यता राहते. पेट्रोल-डिझेल, एक केबिन-दोन केबिन, कारखान्याचं ऑफ-रोड पॅकेज यांनुसार स्प्रिंग बदलते. काही गाड्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंगही मुद्दाम वेगळ्या असतात, कारण चालक आणि इंधनटाकी यांचं वजन एका बाजूला येतं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला डाव्या स्टिअरिंगच्या गाडीतले स्ट्रट लावणार असाल, तर हा फरक उलटा पडतो आणि गाडी एका अंगाला झुकते.

मोठ्या गाडीचा स्ट्रट छोट्या गाडीला लावायचा असेल, तर तो एकटा येत नाही. फ्रंटियर-एक्सटेरावाले निसान टायटनचे भाग लावतात तेव्हा अप्पर आणि लोअर आर्म, स्ट्रट, टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) आणि फोर बाय फोर असल्यास ॲक्सलही टायटनच्याच घेतात, कारण आर्म लांब असल्यानं सगळी भूमिती बदलते. त्यातला फक्त स्ट्रट उचलून लावणं हा अर्धवट आणि धोकादायक प्रकार आहे.

> थांबा: स्ट्रटमधून वायर बाहेर येत असेल तर शॉक इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा आहे. अशा गाडीला साधा स्ट्रट लावला की डॅशबोर्डवर दोष दाखवला जातो. तो बंद करण्याचा मार्ग आधी माहीत नसेल, तर काम हाती घेऊ नका.

टप्पा ३. दोन्ही स्ट्रट शेजारी ठेवून मापा

लागणारी साधनं: व्हर्नियर (बारीक माप घेणारं कॅलिपर), टेप, कोनमापक आणि वही. डोळ्यांनी ‘सारखंच दिसतंय’ म्हणणं हे मापन नव्हे.

*वरची प्लेट.* स्टडच्या केंद्रांमधली तिन्ही अंतरं मापा. ती समान नसतील तर आकृती काढून ठेवा. स्टडची जाडी (एम८, एम१० वगैरे), पिच (आट्यांमधलं अंतर) आणि लांबी बघा. मध्ये स्पेसर (उंची वाढवणारी चकती) ठेवायचा असेल तर नट पूर्ण बसून किमान दोन आटे बाहेर उरले पाहिजेत.

*खालची बाजू.* इथे तीन रचना दिसतात: बोल्ट जाणारा गोल डोळा, दोन टोकांना दोन बोल्ट असलेली आडवी पट्टी (सिल्व्हराडो १५०० मध्ये असते तशी) किंवा चिमट्यासारखा काटा. डोळा असेल तर आतल्या लोखंडी नळीचा व्यास, नळीची लांबी आणि आर्मच्या ब्रॅकेटमधली फट मापा. नळी एखाद मिलिमीटरनं आखूड असेल तर दोन्ही बाजूंना सारखे कठीण वॉशर चालतात. त्याहून जास्त फट असेल तर बुश (डोळ्यातली रबर आणि नळीची जोडी) बदला. बोल्ट आवळून ब्रॅकेटचे कान जवळ ओढणं ही हमखास होणारी चूक आहे. तेव्हा कान वाकतात, बोल्टवर सतत वाकवणारा ताण राहतो आणि तो महिनोन्‌महिने काही बोलत नाही. मग एक दिवस तुटतो. नळी लांब असेल तर ती घासू नका, भोक मोठंही करू नका. पातळ झालेली नळी चिरडते.

*कोन.* वरच्या स्टडच्या तुलनेत खालचा डोळा कोणत्या दिशेला तोंड करून आहे? तीन स्टड १२० अंशांवर असतील तर प्लेट तीन प्रकारे बसते, पण डोळा आर्मच्या ब्रॅकेटशी एकाच प्रकारे जुळतो. बुश पिळून बसवला तर तो लवकर फाटतो.

*लांबी.* सगळ्यात महत्त्वाचं माप हेच. वरच्या प्लेटच्या बसण्याच्या पृष्ठभागापासून खालच्या बोल्टच्या केंद्रापर्यंतचं अंतर दोनदा हवं: शॉक पूर्ण उघडा असताना आणि पूर्ण दाबलेला असताना. स्प्रिंग चढलेली असेल तर पहिलं माप सहज मिळतं. दुसऱ्यासाठी शॉक सुटा करावा लागतो किंवा उत्पादकाच्या तक्त्यातून आकडा घ्यावा लागतो.

आता याच्याशी तुलना करायला गाडीची स्वतःची मर्यादा हवी. ती अशी काढा. जुना स्ट्रट टप्पा ६ प्रमाणे काढल्यावर बम्प स्टॉप (चाक पूर्ण वर गेल्यावर आर्मला थोपवणारं रबर) उतरवा आणि त्याच्या जागी त्याच्या निम्म्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा. रबर जोराच्या धक्क्यात साधारण इतकं दबतं. लोअर आर्म जॅकनं हळू उचलून ठोकळ्याला टेकवा. स्टँडवरून चासी जरासुद्धा उचलली जाता कामा नये. त्या स्थितीत वरच्या माउंटच्या पृष्ठभागापासून खालच्या बोल्टच्या भोकापर्यंतचं अंतर घ्या. नव्या स्ट्रटची दाबलेली लांबी या अंतरापेक्षा निदान ८ ते १० मिमी कमी हवी. नसेल तर बम्प स्टॉपच्या आधी शॉकचा आतला पिस्टन तळाला आपटतो. अशा धक्क्यांत व्हॉल्व्ह फुटतो आणि वरची माउंट फाटते. ‘नवा शॉक सहा महिन्यांत गेला’ या तक्रारीत भागाइतकाच हा हिशेब तपासावा.

खालच्या टोकासाठी उलट करा. आर्म हळू खाली सोडत जा आणि अप्पर बॉल जॉइंट (अप्पर आर्म चाकाच्या हबकडे जोडणारा गोल सांधा), ॲक्सलचा सांधा किंवा अप्पर आर्म यांपैकी काय आधी अडतं ते बघा. फोर बाय फोरमध्ये चाक हातानं फिरवत राहा. सांधा अडखळू लागला की तिथेच थांबा आणि वरच्या माउंटपासून खालच्या भोकापर्यंतचं अंतर मापा. त्या अंतरातून ५ ते १० मिमी वजा केले की स्ट्रटची कमाल उघडी लांबी मिळते. अनेक पिकअपमध्ये चाकाला जास्त खाली जाण्यापासून स्ट्रटच अडवत असतो. म्हणून लांब स्ट्रट लावला की हा अडसर निघून जातो आणि सगळा भार बॉल जॉइंट व ॲक्सल यांच्यावर येतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: स्ट्रट आर्मच्या टोकाला नसून मध्ये कुठेतरी बसतो. चाकाच्या हालचालीच्या साधारण ०.५ ते ०.७ पट हालचाल स्ट्रटची होते. प्रमाण ०.६ धरलं, तर स्ट्रट १० मिमी लांब झाल्यावर चाक सुमारे १७ मिमी खाली जातं. ‘एक सेंटिमीटरच तर जास्त आहे’ म्हणताना हा हिशेब विसरला जातो.

टप्पा ४. स्प्रिंगचं गणित

जड गाडीतला स्ट्रट हलक्या गाडीला लावला की पुढचा भाग वर येतो, आणि पुष्कळदा हवा त्यापेक्षा खूप वर. तो किती येईल हे लावण्याआधी काढता येतं. स्प्रिंगची कडकपणाची पातळी तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते आणि कॉइलच्या सरासरी व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व सक्रिय वेढ्यांच्या प्रमाणात कमी होते. सूत्र असं: पोलादाचा शिअर मॉड्युलस (सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी) गुणिले जाडीचा चौथा घात, भागिले ८ गुणिले व्यासाचा घन गुणिले सक्रिय वेढे. सरासरी व्यास म्हणजे बाहेरचा व्यास वजा तारेची एक जाडी.

उदाहरण घेऊ. तार १५ मिमी, सरासरी व्यास ११० मिमी, सक्रिय वेढे ६. कडकपणा येतो सुमारे ६३ न्यूटन प्रति मिमी. बाकी सगळं तसंच ठेवून तार १६ मिमी केली तर ८१. एका मिलिमीटरनं स्प्रिंग २९ टक्के कडक झाली! तार डोळ्यानं ओळखता येत नाही, व्हर्नियर लावावाच लागतो. रंगाचा जाड थर असेल तर तो खरवडून मापा.

आता एका पुढच्या चाकावर ५०० किलो भार असेल आणि प्रमाण ०.६ असेल, तर स्प्रिंगवर साधारण ८,१७५ न्यूटन येतात. पहिली स्प्रिंग त्यानं १३१ मिमी दबते, दुसरी १०१ मिमी. दोन्हींची मोकळी लांबी आणि बैठक सारखी असेल तर स्ट्रट ३० मिमी लांब राहतो आणि गाडी पुढे सुमारे ५० मिमी वर उठते. शॉकच्या एकूण हालचालीतला तेवढा वाटा उघडण्याच्या बाजूनं कमी होतो. मग प्रत्येक गतिरोधक उतरताना चाक लटकून स्ट्रट वरच्या टोकाला आपटतो. हाच तो ‘टक’ आवाज, ज्यासाठी लोक बुश बदलत बसतात.

भाराचा आकडा अंदाजानं धरू नका. पुढच्या दोन्ही चाकांचं वजन वजनकाट्यावर घ्या, निम्मं करा आणि चाक-ब्रेक-हब यांच्या, स्प्रिंगवर न येणाऱ्या वजनासाठी प्रत्येक बाजूला ४०-५० किलो वजा करा. पुढे लोखंडी बंपर किंवा विंच असेल तर ते लावलेलं असतानाच वजन करा.

फक्त स्प्रिंग दुसऱ्या गाडीची आणि शॉक स्वतःचा, असा मेळ टाळावा. स्प्रिंग कडक झाली की तिचा परतीचा जोर आवरायला रिबाउंडही (शॉकचा उघडताना होणारा विरोध) तसाच हवा. नसला तर गाडीचं नाक प्रत्येक उंचवट्यावर दोन-तीनदा डुलत राहतं.

टप्पा ५. वापरलेला स्ट्रट घेताना, आणि सामानाची जुळवाजुळव

शॉकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर तिथेच विषय संपवा. सील कितीही चांगलं असलं तरी ते खड्डे त्याला कापतात. नळीवर पोचा असेल तर पिस्टन अडकतो. सीलखाली पुसट तेलकटपणा चालतो, पण खाली ओघळलेलं तेल चालत नाही. स्प्रिंग काढल्यावर शॉक हातानं सावकाश पूर्ण दाबा आणि सोडा. मध्येच ढिला पडणारा भाग आत हवा मिसळल्याची खूण असू शकतो. आडवा पडून राहिलेला दुहेरी नळीचा शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण चालवा. तरीही ढिलेपणा गेला नाही तर तो नाकारा. स्ट्रट नेहमी जोडीनंच घ्या, एकाच गाडीतले आणि डावा-उजवा खूण केलेले.

नवीन आणायच्या गोष्टी: वरचे सहा नट, मधले दोन सेल्फ-लॉकिंग नट, खालचे बोल्ट-नट, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड उघडणार असाल तर कॉटर पिन (नट फिरू न देणारी पिन), आणि स्प्रिंगखालचे रबरी पॅड. खालचा बोल्ट मूळ ताकदीचाच हवा. डोक्यावर १०.९ लिहिलं असेल तर ८.८ चा लावू नका.

हत्यारं: दोन मजबूत जॅक स्टँड, दोन जॅक, चाकाचे अडण, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं, म्हणजे टॉर्कनं, आवळणारा पाना), लांब दांड्याचा पाना, बॉल जॉइंट सोडवणारं हत्यार, गंज सोडवणारं तेल, रंगाचा मार्कर. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरबद्दल टप्पा ७ मध्ये. गंजलेल्या बोल्टवर तेल आदल्या दिवशीच मारून ठेवा.

टप्पा ६. उंची लिहा, मग उघडा

गाडी सपाट जागी उभी करा, हवा नेमकी भरा, स्टिअरिंग सरळ ठेवा. गाडी थोडी पुढेमागे हलवून बसू द्या. मग चारही चाकांवर हबच्या केंद्रापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर लिहा. जमिनीपासून मापलं तर टायरची झीज आणि हवा आकड्यात मिसळतात. हे चार आकडे नसतील तर नंतर ‘गाडी झुकली का आधीच झुकलेली होती’ हा वाद मिटत नाही.

1. मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांचे नट अर्धा आटा ढिले करा.
2. गाडी पुढून उचलून स्टँड चासीखाली लावा, लोअर आर्मखाली नव्हे. दोन्ही चाकं एकाच वेळी लटकू द्या. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजू जोडणारी, गाडी कलू न देणारी सळई) पिळलेली राहते आणि लिंक सोडताना फटकन उडते.
3. चाकं काढा. दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर लिंक सोडा.
4. एबीएसची वायर आणि ब्रेकची रबरी नळी यांचे ब्रॅकेट मोकळे करा. काही गाड्यांत हे ब्रॅकेट स्ट्रटच्या अंगाला जोडलेलं असतं. नव्या स्ट्रटवर ते नसेल तर त्याची सोय आत्ताच बघा.
5. लोअर आर्मखाली दुसरा जॅक हलकाच टेकवा.
6. खालचा नट काढा, बोल्ट अजून आत राहू द्या. मग वरचे तीन नट काढा.
7. बोल्ट बाहेर काढा, आर्म खाली सोडा, स्ट्रट तिरका करून बाहेर घ्या. जागा पुरत नसेल तर अप्पर बॉल जॉइंट सोडवा.

बॉल जॉइंट सोडवला की हब बाहेरच्या बाजूला कलतो. तो ताबडतोब दोरीनं किंवा तारेनं चासीला बांधा. नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या नळीवर येतं आणि ॲक्सलचा आतला सांधा निसटतो. लोअर आर्मच्या चासीकडच्या कॅम बोल्टना (फिरवून चाकाचा कोन बदलणाऱ्या) हात लावू नका. लावावाच लागला तर आधी मार्करनं खूण करा.

> धोका: वरच्या प्लेटवर चार नट दिसतात. कडेचे तीन प्लेट धरतात. मधला नट दाबलेली स्प्रिंग धरतो. स्ट्रट गाडीत असताना किंवा कॉम्प्रेसर न लावता मधला नट सोडला, तर प्लेट आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. यात माणसं कायमची जायबंदी झाली आहेत.

टप्पा ७. स्प्रिंग उघडणं

दात्या गाडीचा (जिच्यातून स्ट्रट काढला तिचा) पूर्ण जोड वरच्या प्लेटसकट बसत असेल तर हा टप्पा वगळता येतो, आणि तेच बरं. आपल्या गाडीची प्लेट त्या स्ट्रटला लावायची असेल तरच उघडा. पिकअपच्या स्प्रिंगसाठी मोटारींचे हलके, दोन हुकांचे कॉम्प्रेसर अपुरे पडतात. हुक घसरला तर हात वाचत नाही. भिंतीवरचा किंवा हायड्रॉलिक कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणी दोन्ही जोड नेऊन करून आणणं हा शहाणपणाचा खर्च आहे.

स्वतः करायचंच असेल तर प्लेट, स्प्रिंगचं टोक आणि खालचा डोळा यांच्यावर एका रेषेत खुणा करा. हुक समोरासमोर, शक्य तितके जास्त वेढे पकडून लावा. दोन्ही बाजू आळीपाळीनं थोड्या थोड्या आवळा. इम्पॅक्ट गन कॉम्प्रेसरवर चालवू नका. वरची प्लेट हातानं फिरू लागली म्हणजे भार सुटला. तेव्हाच मधला नट काढा. स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत चेहरा आणू नका.

उघडलेला शॉक हाती आहे तर टप्पा ३ मधली दाबलेली लांबी आत्ता मापा. शक्य असेल तर स्प्रिंगशिवायचा शॉक गाडीत बोल्ट करून आर्म वर-खाली पूर्ण फिरवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. स्प्रिंगची बैठक अप्पर आर्मला लागते का? खालचा डोळा किंवा काटा ॲक्सलपासून किती दूर आहे? किमान ५-६ मिमी मोकळीक ठेवा. कागदावरच्या हिशेबात न दिसलेल्या अडचणी इथे निघतात. सगळ्या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

जोडताना स्प्रिंगचं टोक बैठकीच्या थांब्याला जवळजवळ टेकलेलं हवं. मधला नट आवळताना दांडा एल-कीनं किंवा त्याच्या चपट्या बाजूला पाना लावून धरा. पकडीनं किंवा चिमट्यानं कधीही नाही. गननं नट फिरवला तर दांडा आत गरागरा फिरून सील खराब करतो.

टप्पा ८. बसवणं

आधी वरचे तीन नट हातानं, दोन-तीन आटेच. मग आर्म जॅकनं हळू उचलत खालचं भोक जुळवा. बोल्ट हातानं आत जायला हवा. हातोडीनं ठोकावा लागत असेल तर कोन चुकला आहे. थांबा आणि प्लेट फिरवा. त्यानंतर वरचे नट पूर्ण टॉर्कवर, बॉल जॉइंट पूर्ण टॉर्कवर आणि नवी कॉटर पिन. वायर आणि नळीचे ब्रॅकेट परत लावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही ना, ते बघा.

खालचा बोल्ट आणि ढिले केलेले आर्मचे बोल्ट आत्ता फक्त टेकवा. त्यांचा शेवटचा टॉर्क चाकं जमिनीवर असताना.

> तपासणी: टॉर्कचे आकडे ज्या गाडीत भाग बसतोय तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. नट-बोल्ट दुसऱ्या गाडीचे असतील तर व्यास आणि ताकद जुळते का ते बघा. एककही तपासा: ८० फूट-पाउंड म्हणजे सुमारे १०८ न्यूटन-मीटर. आकडा एका एककातला आणि रेंच दुसऱ्यातला, ही चूक सर्रास होते.

टप्पा ९. गाडी खाली, मग शेवटचा टॉर्क

चाकं लावा, स्टॅबिलायझर लिंक दोन्हीकडे एकदम जोडा, गाडी उतरवा. काही मीटर पुढेमागे चालवून सस्पेन्शन बसू द्या. मग चाकांवर भार असतानाच रबरी बुश असलेले सगळे बोल्ट आवळा.

हा क्रम का? आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत कैद होतं. गाडी उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं, काही हजार किलोमीटरांत फाटतं आणि शिवाय गाडी खोटी उंच दिसते. हे बोल्ट चाक लटकत असताना आवळलेले असले तर उंचीचा मिळालेला आकडा फसवा असतो.

टप्पा १०. उंची, ॲलाइनमेंट आणि विसरले जाणारे भाग

हब ते मडगार्ड पुन्हा मापा. डावी-उजवीत ५ मिमीपर्यंत फरक असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर आधी डावा-उजवा स्ट्रट उलटा लागला का ते बघा. त्यानंतरच कमी उंचीच्या बाजूला वरच्या प्लेटवर पातळ स्पेसरचा विचार करा, तेव्हाही ०.६ चा गुणाकार विसरू नका: चाकावर १० मिमी हवेत तर स्पेसर ६ मिमीचा.

ॲलाइनमेंट ऐच्छिक नाही. पुढचा भाग वर गेला की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर कलणं) बदलतात आणि कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल) बहुधा कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वेगात स्टिअरिंग हलकं आणि भरकटणारं लागतं, वळणानंतर ते आपोआप सरळ होत नाही. कॅम बोल्ट टोकाला पोचूनही कोन हद्दीत येत नसतील तर बदललेले अप्पर आर्म किंवा कमी उंची, एवढेच पर्याय उरतात. फोर बाय फोरमध्ये मूळ आर्म ठेवून साधारण ५० मिमीपेक्षा जास्त वर गेलात तर ॲक्सलचे कोन आणि बूटच्या घड्या घासतात का, ते मुद्दाम बघा.

हेडलाइटचा झोत खाली आणा. पुढचा भाग वर आला की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपोआप पातळी साधणारे दिवे असतील तर त्यांच्या सेन्सरचा दांडा आर्मला जोडलेला असतो, तो वाकलेला नाही ना ते बघा. स्थिरता-नियंत्रण असलेल्या गाडीत स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरचं शून्य ॲलाइनमेंटनंतर पुन्हा ठरवावं लागू शकतं. तुमच्याकडे सस्पेन्शन बदलाला परवानगी किंवा विम्याला कळवणं लागत असेल, तर ते रस्त्यावर उतरण्याआधी करा.

टप्पा ११. चालवून बघणं आणि आवाजांचा अर्थ

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात. दोन-तीन हलके ब्रेक, मग एक कडक. गाडी एका बाजूला ओढली तर परत. साधारण १०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा, ५०० ते १,००० किमीनंतर आणखी एकदा. नवी स्प्रिंग सुरुवातीला काही मिलिमीटर बसते. वापरलेली फारशी बसत नाही. ॲलाइनमेंट त्यानंतरही एकदा दाखवून घ्या.

गतिरोधक उतरताना एकच कोरडा ‘टक’ आला तर स्ट्रट वरच्या टोकाला आपटतोय: स्प्रिंग कडक आहे किंवा उघडी लांबी कमी पडतेय. खड्ड्यात जोराचा ‘खाड’ आणि हातात धक्का आला तर दाबलेली लांबी जास्त आहे. बम्प स्टॉपवर ताज्या घासणीची खूण नसेल तर हे निदान पक्कं. सावकाश वळताना ‘कट-कट’ आवाज फोर बाय फोरमध्ये ॲक्सलच्या सांध्याचा असतो, पण तोच वरच्या प्लेटच्या ढिल्या नटाचाही असू शकतो, म्हणून आधी नट बघा. चाक वर-खाली होताना स्प्रिंग ‘टणत्कार’ करून सरकत असेल तर तिचं टोक थांब्यात बसलेलं नाही. स्ट्रट पुन्हा काढून उघडावा लागतो. ग्रीस मारून हा आवाज दोन दिवस थांबतो, इतकंच.